ऑनलाइन खेळांसाठी ओपन सोर्स टूल बांधताना: स्रोताच्या निवडीपासून देखभालीपर्यंत

ऑनलाइन खेळात मुरलेल्या प्रोग्रामरला खेळाने न पुरवलेली एखादी सोय स्वतः करून घ्यावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पात्राचे शस्त्र बदलले तर प्रहाराची ताकद किती वाढेल, एखादी वस्तू घेऊन पुन्हा विकली तर कर वजा जाता हाती काय उरेल, सामूहिक लढाईत गट नेमका कुठे कोसळला, असे प्रश्न त्याला पडतात आणि शे-दोनशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये त्यांची उत्तरेही मिळतात. ती स्क्रिप्ट स्वतःपुरती ठेवायची असेल तर फारसा विचार करावा लागत नाही. ती ओपन सोर्स करून, म्हणजे तिचा कोड सर्वांसाठी खुला ठेवून, अनोळखी खेळाडूंच्या हाती द्यायची ठरली, की मात्र कामाचे स्वरूप पालटते. कारण ज्या खेळावर ते टूल उभे असते तो खेळ आपल्या ताब्यात नसतो. त्याची कंपनी नियम बदलते, आकडे बदलते, माहितीची दारे उघडते आणि बंदही करते. टूल लिहिणे त्यामानाने सोपे आहे. हे सगळे बदल सोसूनही ते चालू राहील अशा बेताने बांधणे, हे खरे काम आहे.

आधी काय उपलब्ध आहे ते पाहावे

लोकप्रिय खेळांच्या भोवती ओपन सोर्स टूलांची मोठी परंपरा तयार झालेली आहे. पाथ ऑफ एक्झाइलसाठी पाथ ऑफ बिल्डिंग, ईव्ह ऑनलाइनमधील जहाजांच्या जुळणीसाठी पायफा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील लढाईच्या गणितासाठी सिम्युलेशनक्राफ्ट, डोटा २ च्या सामन्यांसाठी ओपनडोटा, ओल्ड स्कूल रूनस्केपसाठी रूनलाइट ही त्यांतील ठळक नावे. आपल्याला हवी असलेली सोय यांपैकी एखाद्या प्रकल्पात भर घालून मिळत असेल, तर नवी रिपॉझिटरी (कोड साठवण्याची जागा) उघडण्यापेक्षा तोच मार्ग पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतलेली सूत्रे आयती मिळतात, आणि आपण कंटाळलो तरी आपला भाग सांभाळायला दुसरे कोणी असते.

नवे टूल बांधणेच भाग असेल, तर त्याचा उद्देश एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यात ‘आणि’ येणार नाही याची काळजी घ्यावी. ‘वस्तूंच्या भावातील कर वजा जाता उरणारा फरक दाखवणे’ हा चांगला उद्देश आहे. त्यालाच ‘आणि गटातील सदस्यांची हजेरी ठेवणे’ जोडले, की दोन टूलांची देखभाल एकाच माणसाच्या गळ्यात पडते.

नियम वाचणे ही पहिली तांत्रिक पायरी आहे

वापराच्या अटी हा वकिलांचा प्रांत समजून अनेक जण त्या सोडून देतात. प्रत्यक्षात टूलची रचनाच त्या अटींवर ठरते, म्हणून कोड लिहिण्याआधी त्या वाचाव्यात. ढोबळमानाने तीन गोष्टी शोधाव्यात: बाहेरच्या प्रोग्रामने खेळाची माहिती वाचण्यास परवानगी आहे का, खेळाडूच्या वतीने एखादी क्रिया करण्यास परवानगी आहे का, आणि त्यातून पैसे मिळवण्याबाबत काय म्हटले आहे.

प्रत्येक खेळात याची उत्तरे वेगळी आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये लुआ या प्रोग्रामिंग भाषेत खेळाला जोडले जाणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅडऑन लिहिण्याची सोय कंपनीनेच दिली आहे. परंतु २००९ साली जाहीर झालेल्या धोरणानुसार अ‍ॅडऑन विनामूल्य असले पाहिजे, त्याचा कोड उघड वाचता आला पाहिजे आणि त्यात जाहिराती चालत नाहीत. याउलट फायनल फँटसी १४ च्या अटींमध्ये बाहेरच्या टूलांना सरसकट मनाई आहे. तरीही त्या खेळासाठी असंख्य टूले वापरात आहेत, ही गोष्ट वेगळी. पण ‘सगळेच वापरतात’ ही परवानगी नव्हे, आणि अशा खेळासाठी काही बांधायचे असेल तर खाते गमावण्याचा धोका माहितीपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावा.

हेतू चांगला आहे आणि कोड उघडा आहे, एवढ्याने संरक्षण मिळत नाही. बीनेटडी हा ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटलनेट या ऑनलाइन खेळसेवेसारखा सर्व्हर स्वतः चालवू देणारा ओपन सोर्स प्रकल्प स्वयंसेवकांनी बांधला होता; त्यावरील खटल्यात २००५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने प्रकल्पाच्या विरोधात निकाल दिला. २०१८ मध्ये रूनस्केपची कंपनी जॅगेक्सने रूनलाइट थांबवण्याचा पवित्रा घेतला होता. खेळाडूंनी आवाज उठवल्यावर आणि चर्चा झाल्यावर तो प्रकल्प चालू राहिला. आज रूनलाइट त्या खेळाचा अविभाज्य भाग वाटतो. पण कंपनीच्या एका पत्राने प्रकल्पाचे काय होऊ शकते, याचा विचार टूल बांधणाऱ्याने सुरुवातीलाच करून ठेवलेला बरा.

माझी स्वतःची सीमारेषा साधी आहे. खेळ जी माहिती स्वतःहून देतो ती वाचावी. जी तो लपवतो ती उकरू नये. आणि खेळाडूच्या जागी कळ दाबू नये. ही रेषा अनेक खेळांच्या अटींपेक्षा थोडी कडक आहे, परंतु तिच्या आत राहिले की कोणत्याही पॅचनंतर (खेळ अद्ययावत झाल्यावर) झोप उडत नाही.

माहितीचा स्रोत निवडणे

एकच माहिती अनेकदा दोन-तीन मार्गांनी मिळू शकते. त्यातला सर्वांत अधिकृत आणि सर्वांत कमी नाजूक मार्ग निवडावा.

कंपनीचा जाहीर एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना माहिती मागता यावी यासाठीचे अधिकृत दार, असेल तर प्रश्नच मिटला. ईव्ह ऑनलाइनचा ईएसआय, गिल्ड वॉर्स २ चा एपीआय, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा एपीआय आणि रायट गेम्सचा एपीआय ही चांगली उदाहरणे आहेत. मात्र प्रत्येकाची शिस्त वेगळी असते. रायटची विकासासाठी मिळणारी कळ (एपीआय वापरण्याचा गुप्त संकेत) २४ तासांनी निकामी होते आणि तिच्यावर सेकंदाला २० व दोन मिनिटांना १०० विनंत्यांची मर्यादा असते. त्यामुळे त्या कळीवर सार्वजनिक टूल चालवता येत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. लिचेसकडे एका वेळी एकच विनंती करावी आणि ‘फार विनंत्या झाल्या’ असे सांगणारे ४२९ हे उत्तर आले तर पूर्ण मिनिटभर थांबावे, अशी अपेक्षा आहे. ईएसआयच्या उत्तरासोबत ती माहिती कधी शिळी होणार याची वेळ येते. त्याआधी पुन्हा तीच विनंती पाठवण्यात काहीच हशील नाही.

त्यानंतर येतात खेळाने स्वतः लिहिलेल्या लॉग फाइली, म्हणजे घडामोडींच्या नोंदवह्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एक आज्ञा दिली की लढाईतील प्रत्येक घटना फाइलमध्ये ओळीओळीने उतरू लागते. येथे काही बारकावे आहेत. फाइल वाचत असतानाच खेळ तिच्यात लिहीत असतो, त्यामुळे शेवटची ओळ अर्धवट असू शकते. नवी ओळ सुरू झाल्याचे चिन्ह मिळेपर्यंत ती बाजूला राखून ठेवावी. रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात, पण अवतरणचिन्हांतल्या नावातही स्वल्पविराम येतो, म्हणून ओळ सरधोपटपणे तोडून चालत नाही. अनेक वर्षे या नोंदींच्या वेळेत वर्षाचा आकडाच नसे, त्यामुळे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपलीकडे चाललेली लढाई एका क्षणात वर्षभर मागे जात असे. पाथ ऑफ एक्झाइलच्या लॉगमध्ये वेगळी अडचण आहे: खेळाडूने खेळाची भाषा बदलली की लॉगमधील वाक्येही त्या भाषेत येतात. इंग्रजी वाक्याशी ताडून पाहणारे टूल तेथे मुकाट्याने काहीच दाखवत नाही.

तिसरा प्रकार खेळाने बाहेर पाठवलेल्या थेट माहितीचा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ठरावीक नावाची एक कॉन्फिगरेशन फाइल ठेवली, की खेळ आपल्या संगणकावरील पत्त्यावर एचटीटीपीने जेसन स्वरूपात सामन्याची स्थिती पाठवू लागतो. यातली रचना शिकण्यासारखी आहे: सर्व खेळाडूंची माहिती फक्त प्रेक्षक म्हणून पाहणाऱ्याला मिळते, खेळणाऱ्याला मात्र स्वतःचीच. म्हणजे न्याय्य काय हे खेळानेच ठरवून दिलेले असते आणि टूल लिहिणाऱ्याला त्याची चिंता करावी लागत नाही. गिल्ड वॉर्स २ हा खेळ मम्बल या ध्वनिसंवाद प्रणालीसाठी खेळाडूचे स्थान सामायिक मेमरीत लिहितो. नकाशा दाखवणारी टूले तेच वाचतात.

खेळाच्या मेमरीत डोकावणे, त्याच्या प्रक्रियेत कोड घुसवणे किंवा नेटवर्कवरील पॅकेट उलगडणे, हे मार्ग मी शिफारस केलेल्या रेषेपलीकडचे आहेत. चीट पकडणारी प्रणाली हेतू पाहत नाही. तिला फक्त परका हात दिसतो. काउंटर-स्ट्राइकमधील व्हीएसीसारख्या प्रणालीची बंदी कायमची असते, आणि ती आपल्यावर नव्हे तर आपल्या टूलवर विश्वास ठेवणाऱ्यावर येते.

रचना: बदलणारे आणि न बदलणारे वेगळे ठेवावे

येथे एक उदाहरण तपशिलाने पाहू. ओल्ड स्कूल रूनस्केपमधील ग्रँड एक्स्चेंज या बाजारासाठी भावातील फरक दाखवणारे टूल बांधायचे आहे. त्या खेळाच्या विकीने रूनलाइटच्या सहकार्याने ताज्या भावांचा एपीआय उपलब्ध करून दिला आहे. तेथे वस्तूंची यादी एका ठिकाणी आणि ताजे भाव दुसऱ्या ठिकाणी मिळतात. भावाच्या नोंदीत प्रत्येक वस्तूसाठी चार गोष्टी असतात: लगेच खरेदी झालेला वरचा भाव, तो कधी नोंदला गेला ती वेळ, लगेच विक्री झालेला खालचा भाव आणि त्याची वेळ.

सर्वसाधारण प्रोग्रामर वरच्या भावातून खालचा वजा करतो आणि मोठे आकडे वर लावतो. परिणाम असा होतो, की यादीच्या माथ्यावर नेमक्या त्याच वस्तू येतात ज्यांचा व्यवहार क्वचित होतो. त्यांचा वरचा भाव आताचा आणि खालचा कित्येक तासांपूर्वीचा असतो. हा फरक नफ्याचा नसून केवळ वेळेचा असतो. म्हणून दोन्ही वेळा तपासून, ठरावीक मर्यादेपेक्षा जुनी नोंद असेल तर ती फिकट दाखवावी किंवा वगळावी. एखाद्या वस्तूचा एक भाव मुळीच नसू शकतो; त्या जागी शून्य धरले तर टूल अब्जावधींचा नफा दाखवील.

आता कराकडे वळू. २०२१ च्या डिसेंबरात या बाजारात विक्रीवर १ टक्का कर सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो २ टक्के झाला. एका वस्तूवरील कराला ५० लाख नाण्यांची कमाल मर्यादा आहे, अपूर्णांक खाली उतरवला जातो, आणि काही वस्तूंना पूर्ण सूट आहे. १,००० ला घेतलेली वस्तू १,०५० ला विकली, तर जुन्या दराने कर १० आणि नफा ४० होत असे. नव्या दराने कर २१ आणि नफा २९ होतो. ज्यांनी कोडमध्ये तीन ठिकाणी शून्य दशांश शून्य एक असा आकडा लिहून ठेवला होता, त्यांच्या टूलने दर बदलल्याच्या दिवसापासून चुकीची उत्तरे द्यायला सुरुवात केली. आणि चूक अशी, की प्रोग्राम कोसळत नाही, फक्त खोटे सांगतो.

म्हणून टूलचे तीन थर करावेत. पहिला थर बाहेरून माहिती आणतो आणि तिला आपल्या ठरलेल्या आकारात बसवतो; एपीआयचे नाव, पत्ता आणि रकान्यांची नावे फक्त या थराला ठाऊक असावीत. दुसरा थर शुद्ध गणिताचा. त्याला नेटवर्क, घड्याळ किंवा फाइल यांपैकी काहीही माहीत नसावे, आत आकडे यावेत आणि बाहेर आकडे जावेत. तिसरा थर दाखवण्याचा. या तिन्हींच्या बाहेर नियमांची एक डेटा फाइल ठेवावी आणि तिच्यात करदर, कमाल मर्यादा व सूट असलेल्या वस्तू हे सगळे ‘या तारखेपासून लागू’ अशा नोंदीसह लिहावे. मग दर बदलला तर एक ओळ वाढते, जुना हिशेबही बरोबर राहतो, आणि ज्याला प्रोग्रामिंग येत नाही असा खेळाडूदेखील ती दुरुस्ती पाठवू शकतो. हा शेवटचा फायदा वरकरणी किरकोळ वाटतो, परंतु छंदाच्या प्रकल्पाला मदतीचे हात बहुतेक वेळा याच दारातून मिळतात.

पहिल्या थरात आणखी तीन सवयी पाळाव्यात. विनंतीसोबत आपल्या टूलचे नाव आणि संपर्काचा मार्ग सांगणारा यूजर-एजंट पाठवावा. वर उल्लेखलेला भावांचा एपीआय तर विनंती पाठवणाऱ्या तयार लायब्ररीचे मूळ नाव तसेच ठेवणाऱ्यांना अडवतोच. मिळालेले उत्तर डिस्कवर साठवून ठेवावे आणि सर्व वस्तूंचे भाव एका विनंतीत मिळत असतील तर हजारो स्वतंत्र विनंत्या पाठवू नयेत. आणि चूक झाली तर लगेच पुन्हा धडकू नये. सर्व्हरने किती वेळ थांबायचे ते सांगितले असेल तर तेवढे थांबावे, नसेल तर दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. सर्व्हर आधीच अडचणीत असताना शेकडो खेळाडूंच्या संगणकांवरून एकाच ठेक्यात येणाऱ्या विनंत्या हल्ल्यासारख्याच दिसतात, म्हणून त्या काळात थोडा यादृच्छिक फरकही मिसळावा.

कळा, खाती आणि विश्वास

खेळाडूचा पासवर्ड कधीही मागू नये. खाजगी माहिती लागत असेल तर पासवर्ड न सांगता परवानगी देण्याची ओऑथची सोय वापरावी किंवा, गिल्ड वॉर्स २ मध्ये आहे त्याप्रमाणे, खेळाडूने स्वतः परवानग्या निवडून तयार केलेली कळ घ्यावी, आणि गरजेपेक्षा एकही परवानगी जास्त मागू नये. डेस्कटॉपवर चालणाऱ्या ओपन सोर्स टूलमध्ये गुपित लपवायला जागाच नसते, हे लक्षात घेऊन कायमच्या गुपिताशिवाय चालणारी ओऑथची पीकेसीई पद्धत निवडावी; ईव्ह ऑनलाइनच्या लॉगिनमध्ये ती चालते. कंपनीने आपल्याला दिलेली कळ टूलसोबत वाटण्यास मनाई असेल, तर मध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवणे भाग पडते आणि त्याबरोबर त्याचा खर्च व जबाबदारीही येते. छंदासाठी ती पेलवणार आहे का, हे तेव्हाच ठरवावे.

कळ चुकून रिपॉझिटरीत गेली, तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती पुसल्याने काहीही साध्य होत नाही, कारण ती इतिहासात राहते. ती तत्काळ रद्द करून नवी घ्यावी, इतिहासाची साफसफाई नंतर करावी.

परवाना

परवाना नसलेला उघडा कोड कायद्याने कोणालाही वापरता येत नाही, म्हणून परवान्याची फाइल पहिल्याच दिवशी टाकावी. इतरांनी मुक्तपणे वापरावे एवढीच इच्छा असेल तर पाथ ऑफ बिल्डिंगप्रमाणे एमआयटी किंवा रूनलाइटप्रमाणे बीएसडी पुरेसा आहे. बदल करणाऱ्यांनीही कोड उघडा ठेवावा असे वाटत असेल तर पायफाप्रमाणे जीपीएल. आणि सर्व्हरवर चालवणाऱ्यांनाही तेच बंधन हवे असेल तर लिचेसप्रमाणे एजीपीएल. खेळातील चित्रे, नावे आणि संवाद हे मात्र आपल्या परवान्याखाली येत नाहीत. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तसे लिहावे, किंवा खेळाडूच्या संगणकावरील मूळ प्रतीतूनच वाचावेत. टूलच्या नावातून ते कंपनीचेच आहे असा भास होऊ देऊ नये.

चाचण्या आणि प्रकाशन

गणिताचा थर शुद्ध ठेवल्याचे फळ येथे मिळते. खऱ्या उत्तरांचे आणि लॉगचे तुकडे जतन करून, त्यांतील खेळाडूंची नावे बदलून, चाचण्यांसोबत ठेवावेत. वरील उदाहरणात १,०५० वर २१ कर, अपूर्णांक खाली, कमाल मर्यादेच्या आधीचा आणि नंतरचा भाव, सूट असलेली वस्तू आणि दर बदलण्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवसाचा व्यवहार, इतक्या चाचण्या असल्या तरी बराच निर्धास्तपणा येतो. यांखेरीज रोज एकदा खऱ्या एपीआयला विचारून रकाने तसेच आहेत ना हे पाहणारी एक स्वयंचलित तपासणी ठेवावी. बिघाड खेळाडूच्या तक्रारीतून कळण्यापेक्षा तिच्यातून कळलेला बरा.

पायथॉनचे टूल एकाच एक्झिक्युटेबल फाइलमध्ये बांधून दिले, तर अँटिव्हायरस त्याला अनेकदा उगाचच संशयित ठरवतो, आणि खेळाडू तर अशा फाइलींना आधीच बिचकून असतात, कारण खाते चोरणारे प्रोग्राम याच वेषात येतात. त्यांना ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा’ असे सांगणे म्हणजे वाईट सवय लावणे होय. त्याऐवजी फाइल आपल्या घरच्या संगणकावर न बांधता सार्वजनिक स्वयंचलित यंत्रणेत, उघड्या कोडमधून बांधली जावी, फाइल मूळचीच आहे हे पडताळता यावे म्हणून तिचा एसएचए-२५६ ठसा सोबत द्यावा आणि शक्य असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीच मुख्य ठेवावी.

पॅचचा दिवस

खेळ अद्ययावत झाला की काही तासांत तक्रारी येऊ लागतात. त्यासाठी तक्रारीचा नमुना आधीच तयार ठेवावा: खेळाची आवृत्ती, टूलची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, खेळाची भाषा आणि लॉगमधील संबंधित ओळी. टूल ज्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे ती त्यातच नोंदवून, त्यापुढची आवृत्ती दिसली तर ‘हे आकडे नव्या पॅचसाठी तपासलेले नाहीत’ अशी पट्टी दाखवावी. चुकीचे उत्तर ठामपणे देण्यापेक्षा ही कबुली खेळाडूंना अधिक पटते.

काही वेळा दुरुस्ती शक्यच नसते. २०२५ मध्ये ब्लिझार्डने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील लढाईची माहिती अ‍ॅडऑनना पूर्वीइतकी मोकळेपणाने मिळणार नाही असे जाहीर केले, आणि अनेक अ‍ॅडऑनच्या लेखकांना आपल्या कामाचा गाभाच नव्याने तपासावा लागला. अशा वेळी आडवाटा शोधत बसण्यापेक्षा ते वैशिष्ट्य काढून टाकावे आणि का काढले ते बदलांच्या नोंदीत लिहावे.

मागण्यांना नकार देण्याची भाषाही आधीच ठरवून ठेवावी. ‘हे टूल माझ्या जागी बटणही दाबेल का’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर सहभागाच्या नियमावलीत एकदाच लिहून ठेवले, की प्रत्येकाशी वाद घालावा लागत नाही. नव्या वैशिष्ट्याची मागणी स्वीकारण्यापूर्वी ते पुढच्या प्रत्येक पॅचनंतर कोण तपासणार, हा प्रश्न विचारावा.

आपण खेळ खेळणे सोडले, की त्याचे टूल फार काळ टिकत नाही, कारण चुका डोळ्यांना दिसेनाशा होतात. तशी वेळ आल्यावर, आधीपासून नियमित दुरुस्त्या पाठवणाऱ्या माणसाला सहदेखभालकर्ता करावे आणि काही प्रकाशने दोघांनी मिळून करावीत. अनोळखी माणसाने केवळ उत्साहाने मागितले म्हणून प्रकाशनाचे हक्क देऊ नयेत. हजारो संगणकांवर आपोआप अद्ययावत होणारे टूल चुकीच्या हाती गेले तर त्यातून खाती चोरणे फारच सोपे असते. योग्य माणूस मिळाला नाही, तर आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद करून, कोणत्या आवृत्तीपर्यंतचे आकडे खात्रीचे आहेत ते माहितीपत्रकात लिहून, आपल्या नावावरील सर्व कळा रद्द करून रिपॉझिटरी केवळ वाचनासाठी खुली ठेवावी.